खंडित जोडणीतला मेल: राजापूर तालुक्यातील एका घराचे प्रकरण

राजापूर तालुक्यातील एका गावात, नदीकाठच्या खोलगट वाडीत राहणारे एक गृहस्थ तांत्रिक अनुवादाचे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे काम घरून करतात. त्यांच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही आणि दूरध्वनीची तार कधीच निकामी झालेली आहे. घरामागच्या पायवाटेने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढले की एस.टी.च्या निवाऱ्यापाशी रेंज मिळते; पण ती वाऱ्यापावसाच्या लहरीवर चालते आणि मिळाली तरी सलग टिकेलच असे नसते. काम मात्र असे, की पुण्या-मुंबईच्या ग्राहकांची पत्रे, काही प्रकल्पांच्या मेलिंग लिस्ट (सभासदांना मेलने पोहोचणाऱ्या चर्चा) आणि मोजके न्यूजग्रुप (न्यूजसर्व्हरवरून वाचायचे विषयवार चर्चा-गट) यांच्याशी संबंध तुटून चालत नाही. दिवसातून एकदा, आणि भर पावसात कधी तीन-चार दिवसांतून एकदा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन सड्यावर जायचे, फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, आलेले उतरवून घ्यायचे, लिहिलेले पाठवायचे आणि वाचन-लेखन रात्री घरी निवांत करायचे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती डेबियन ही लिनक्स प्रणाली चालणाऱ्या त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर कशी पुरी केली, कोठे अडले आणि काय अजून सुटलेले नाही, याची, ती व्यवस्था बसवायला मदत करणाऱ्याने लिहिलेली, ही नोंद आहे.

आधी मेलचा विचार करू, कारण त्याचा स्वभाव न्यूजग्रुपपेक्षा वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हे ओळखण्यातच या प्रकरणाचे अर्धे काम होते. आयमॅप या, सर्व्हरवर ठेवलेला मेल वाचण्याच्या, प्रोटोकॉलचे जनक मार्क क्रिस्पिन यांनी डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतील १७३३ क्रमांकाच्या टिपणात मेल वाचण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. पहिल्या तऱ्हेत सर्व्हर हे केवळ पोहोचवणीचे ठिकाण असते; पत्रे एका यंत्रावर उतरवून घेतली की पुढचा सगळा व्यवहार त्या यंत्रावर. दुसरीत पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि वाचणारा जोडणी टिकवून काम करतो. तिसरीत मूळ प्रत सर्व्हरवर असते, वाचणारा तिची नक्कल घेऊन निघून जातो आणि परत जोडला गेल्यावर दोन्हींचा मेळ घालतो. आमच्या गृहस्थांची गरज वरवर पाहता पहिल्या तऱ्हेची वाटत होती. परंतु ते कामानिमित्त रत्नागिरीला किंवा मुंबईला जातात तेव्हा तोच मेल फोनवर वाचतात आणि तेथूनच उत्तरेही देतात. त्यामुळे पॉप३ हा पत्रे उतरवून घेण्याचा प्रोटोकॉल आणि त्यावरून ती आणणारा फेचमेल ही जोडी वापरून सगळे लॅपटॉपवर ओढून घेणे त्यांच्या कामाचे नव्हते. फेचमेल हा प्रोग्राम एरिक रेमंड यांनी १९९६ च्या सुमारास उभा केला आणि मुक्त सॉफ्टवेअर कसे घडते या विषयावरचे त्यांचे गाजलेले विवेचनही त्याच अनुभवावर बेतलेले आहे. एकच यंत्र आणि एकच वाचक असेल तेथे तो आजही उत्तम चालतो. येथे मात्र वाचक एक असला तरी यंत्रे दोन होती, म्हणजे प्रकरण तिसऱ्या तऱ्हेचे होते.

यापूर्वी त्यांच्याकडे खिडक्या-बटणांचा नेहमीचा मेल प्रोग्राम होता आणि त्यात ऑफलाइन वाचनाची सोयही होती. अशा प्रोग्रामांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी जोडणी संध्याकाळी येते आणि रात्रभर टिकते, त्याने दुसरे काही शोधूच नये. सड्यावर अडचण वेगळीच होती. जोडणी मध्येच तुटली, की काय उतरले, काय राहिले आणि पाठवण्याच्या खणातले पत्र गेले की नाही, हे पडद्यावरून खात्रीने कळत नसे, आणि घरी पोहोचल्यावर कळून उपयोग नसे. म्हणून एकाच मोठ्या प्रोग्रामाऐवजी एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम घेतले. प्रत्येकाने आपला हिशेब साध्या फाइलींमध्ये ठेवावा आणि तो कोणालाही उघडून पाहता यावा, ही त्यामागची अट होती.

मेल उतरवण्यासाठी एमबीसिंक निवडला. डेबियनमध्ये तो आयसिंक या पॅकेजमधून मिळतो. मट या मेल प्रोग्रामाचे कर्ते मायकेल एल्किन्स यांनी तो सुरू केला आणि पुढे ओस्वाल्ड बुडेनहागेन यांनी वाढवला. तो सर्व्हरवरची पेटी आणि डिस्कवरची मेलडिर पेटी यांचा दोन्ही बाजूंनी मेळ घालतो. मेलडिर ही डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हरसाठी आखलेली मांडणी आहे: प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि ती आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहून झाल्यावरच नव्या पत्रांच्या फोल्डरमध्ये येते. अर्धवट उतरलेले पत्र त्यामुळे वाचकाच्या नजरेस पडतच नाही. बॅटरी कधी मान टाकेल याचा भरवसा नसलेल्या यंत्रावर ही मांडणी मोलाची ठरली. सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत ठेवणारी जुनी पद्धत येथे धोक्याची होती.

एमबीसिंक कोणते पत्र कोणत्या क्रमांकाशी जुळते याची नोंद फोल्डरमधील एका स्थिती-फाइलीत ठेवतो, आणि काम चालू असताना प्रत्येक पायरी शेजारच्या रोजनिशीत टिपत जातो. जोडणी तुटली तर पुढच्या खेपेला रोजनिशी वाचून तो सोडलेल्या जागेपासून पुढे जातो. याहून उपयोगी ठरली ती मोठ्या पत्रांची सोय. आवृत्ती १.४ पासून असे करता येते, की ठरवलेल्या आकाराहून मोठे पत्र असेल तर त्याच्या जागी फक्त एक लहानशी खूणचिठ्ठी उतरते. घरी ती चिठ्ठी वाचून पत्र हवेसे वाटले तर त्याला तारांकित करायचे. पुढच्या मेळाच्या वेळी पूर्ण पत्र जोडपत्रासह येते. ग्राहक एका ओळीच्या निरोपाबरोबर भल्यामोठ्या पीडीएफ पाठवतात आणि त्यातील निम्म्या नंतर रद्दही करतात, हे ध्यानात घेता या एका सेटिंगने सड्यावरचा वेळ सर्वांत जास्त वाचवला. जोडपत्र एक खेप उशिरा मिळते, हे त्याचे मोल आहे आणि ते त्यांनी मान्य केले.

पत्रे नष्ट करण्याबाबत आम्ही सावध राहिलो. दोन्ही बाजूंचा मेळ याचा अर्थ असा, की लॅपटॉपवर चुकून पुसलेले पत्र सर्व्हरवरूनही जाऊ शकते. म्हणून पुसण्याची खूण तेवढी दोन्हीकडे जाऊ दिली आणि प्रत्यक्ष नष्ट करण्याचे काम एमबीसिंककडे न देता हातानेच ठेवले.

आता बाहेर जाणाऱ्या पत्रांकडे वळू. अनुभव असा, की ऑफलाइन व्यवस्थेची चर्चा बहुतेक वेळा ‘उतरवून घेणे’ या टप्प्याशीच थांबते, आणि खरी गुंतागुंत ‘पाठवणे’ येथे असते. येथे एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या रांगेच्या स्क्रिप्ट वापरल्या. घरी ‘पाठवा’ म्हटले, की पत्र रांगेच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. एका पत्राच्या दोन फाइली होतात, एकीत मजकूर आणि दुसरीत ते कोणाला कसे पाठवायचे याचा तपशील. सड्यावर रांग चालवली, की जे पत्र गेले त्याच्या दोन्ही फाइली नाहीशा होतात. फोल्डर रिकामे, म्हणजे सगळे गेले. याहून सोपी पावती नाही.

दोन गोष्टी तरीही त्रास देत राहिल्या. रांग चालवणारी स्क्रिप्ट सुरुवातीला एक कुलूप-फाइल तयार करते, जेणेकरून तीच रांग एकाच वेळी दोनदा चालू नये. बॅटरी संपून लॅपटॉप मध्येच बंद पडला, की हे कुलूप तसेच राहते आणि पुढच्या खेपेला स्क्रिप्ट काही काळ वाट पाहून हात हलवत परतते. एकदा रेंज चांगली असूनही एकही पत्र गेले नाही, याचे कारण एवढेच होते. यंत्र सुरू होतानाच जुने कुलूप काढून टाकण्याची ओळ लिहिल्यावर तो प्रश्न संपला. दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही ओळीने संपणारी नाही. एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये पूर्ण पत्र पाठवून झाल्यावर सर्व्हर ‘मिळाले’ असे उत्तर देतो. ते उत्तर येण्याच्या आतच जोडणी तुटली, तर सर्व्हरकडे पत्र पोहोचलेले असते आणि आपल्याकडे ते न गेलेले धरले जाते. पुढच्या खेपेला ते पुन्हा जाते आणि ग्राहकाला एकच पत्र दोनदा मिळते. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये आरएफसी १०४७ मध्ये नेमका हाच दोष वर्णन केला होता, आणि तुटक्या रेंजमध्ये तो आजही जिवंत आहे. पत्र हरवण्यापेक्षा दोनदा पोहोचलेले बरे, या बाजूनेच प्रोटोकॉलची रचना झुकलेली आहे, आणि ते योग्यही आहे. आमच्या गृहस्थांनी नेहमीच्या ग्राहकांना ही गोष्ट एकदा समजावून सांगितली आणि विषय मिटवला. पत्रावर तारीख लिहिल्या वेळेची पडते, त्यामुळे चार दिवसांनी गेलेले पत्र समोरच्याच्या पेटीत चार दिवस खाली जाऊन बसू शकते, हेही त्याच वेळी सांगावे लागले.

न्यूजग्रुपचे काम तुलनेने सरळ निघाले, कारण युजनेट, म्हणजे न्यूजग्रुपचे जाळे, जन्मालाच खंडित जोडणीत आले. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना मांडली तेव्हा यंत्रे एकमेकांना टेलिफोनने गाठून यूयूसीपी या, यंत्रायंत्रांत फाइली पोहोचवण्याच्या, पद्धतीने लेखांची देवाणघेवाण करत. आपल्याकडेही जुहूचे एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) आणि आयआयटी मुंबई यांच्यातील आरंभीची मेल-जोडणी १९८० च्या दशकात अशाच डायल-अप यूयूसीपीवर चालली. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. साठवा आणि पुढे द्या, हा तेव्हाचा रिवाज न्यूजग्रुपच्या रचनेत अजून शाबूत आहे, आणि त्याचा लाभ घेणारा सर्वांत साधा प्रोग्राम म्हणजे लीफनोड. तो मूळ आर्न्ट गुलब्रॅन्डसेन यांनी लिहिला. नंतर कॉर्नेलियस क्रासेल आणि मथियास आंद्रे यांनी सांभाळला. लीफनोड लॅपटॉपवरच एक छोटा न्यूजसर्व्हर उभा करतो. वाचनाचा प्रोग्राम नेहमी या घरच्या सर्व्हरशीच बोलतो, म्हणून त्याला जोडणी आहे की नाही हे कळतही नाही. फेचन्यूज नावाची आज्ञा बाहेरच्या सर्व्हरकडून नवे लेख आणते व आपले लेख पोहोचवते, आणि टेक्सपायर जुने लेख काढून टाकते.

बसवतानाच त्याने एक आडमुठेपणा दाखवला, तो मात्र रास्त होता. यंत्राला पूर्ण आणि खरे डोमेन-नाव असल्याशिवाय लीफनोड सुरूच होत नाही. वाडीतल्या लॅपटॉपला असे नाव कोठून असणार? कारण असे, की प्रत्येक लेखाचा मेसेज-आयडी जगात एकमेव असावा लागतो, आणि ‘लोकलहोस्ट’ नावाची यंत्रे जगात असंख्य आहेत. गृहस्थांचे स्वतःचे एक डोमेन होते. त्याखाली लॅपटॉपसाठी एक उपनाव ठरवून दिले आणि काम झाले. या हट्टाचे फळ पुढे मिळाले. जोडणी तुटून तोच लेख दोनदा गेला, तर न्यूजसर्व्हर तोच मेसेज-आयडी पाहून दुसरी प्रत नाकारतो. मेलमध्ये जो दोष सहन करावा लागला, तो येथे उद्भवतच नाही.

पहिल्यांदा फेचन्यूज चालवल्यावर बाहेरच्या सर्व्हरवरील सर्व ग्रुपांची यादी उतरते आणि ती फार मोठी असते. हे काम गृहस्थांनी रत्नागिरीला गेले असताना उरकून घेतले. ही यादी मुळातल्या सेटिंगनुसार दर ९० दिवसांनी पुन्हा आणली जाते, हे लक्षात आल्यावर तो आकडा वाढवून ठेवला. नाहीतर एखाद्या दिवशी सड्यावरची सगळी रेंज यादीतच संपली असती. त्यानंतर ग्रुप निवडण्याची रीत अशी, की वाचनाच्या प्रोग्रामात ग्रुप उघडायचा, लीफनोडने ठेवलेला सूचनेचा लेख वाचायचा, आणि पुढच्या खेपेपासून खरे लेख येऊ लागतात. वाचकाने काय वाचायला घेतले यावरूनच लीफनोड काय आणायचे ते ठरवतो. ही युक्ती सुरेख आहे, पण तिच्यातच एक खोच आहे.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरले आणि लॅपटॉप बरेच दिवस उघडला गेला नाही. सण उरकल्यावर गृहस्थ सड्यावर गेले. मेल आला, पण एकाही न्यूजग्रुपचा लेख आला नाही. प्रथम संशय अर्थातच रेंजवर गेला, मग सर्व्हरवर. दोन्ही निर्दोष होते. ज्या ग्रुपकडे सात दिवस कोणी फिरकले नाही, तो नकोसा झाला असे लीफनोड मुळातच समजतो आणि गाजावाजा न करता त्याचे लेख आणणे थांबवतो. चुकून उघडलेल्या ग्रुपसाठी ही मुदत तर दोनच दिवसांची आहे. फोनच्या मिनिटागणिक पैसे मोजणाऱ्या काळात हा काटकसरीचा नियम शहाणपणाचा होता. कोकणातल्या पावसाळ्यासाठी आणि सणासुदीसाठी तो फार कडक होता. दोन्ही मुदती वाढवल्या आणि सगळे ग्रुप पुन्हा एकेक करून उघडावे लागले. त्याच बैठकीत लेख ठेवण्याची मुदतही लांबवली, कारण वाचायच्या आतच टेक्सपायरने झाडलोट करावी याला अर्थ नव्हता.

हे ग्रुप येतात कोठून, तेही सांगितले पाहिजे. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटचे नवे लेख घेणे बंद केल्यानंतर अनेकांचा समज असा झाला, की न्यूजग्रुप संपले. प्रत्यक्षात इटर्नल सप्टेंबरसारखे नोंदणी करून मोफत वापरता येणारे मजकुरापुरते सर्व्हर चालू आहेत. आमच्या प्रकरणात मात्र मुख्य स्रोत जीमेन होता. लार्स इंगेब्रिग्टसेन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मेलिंग लिस्टचे रूपांतर न्यूजग्रुपमध्ये करते. जानेवारी २०२० मध्ये तिचा पत्ता बदलून शेवटी ‘आयओ’ आला, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतला पत्ता वापरणाऱ्यांची गाडी पहिल्याच पायरीला अडते. लिस्टचा ओघ असा न्यूजग्रुपकडे वळवल्याने मेलची पेटी हलकी झाली आणि ग्राहकांची पत्रे चर्चेच्या ढिगाखाली दबणे थांबले.

जीमेनमार्फत लिस्टवर लिहिताना खंडित जोडणी कशी लांबण लावते, याचा नमुना पाहण्यासारखा आहे. एखाद्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा लेख पाठवला, की जीमेन लेखकाच्या पत्त्यावर खात्रीचा मेल पाठवते आणि त्याला उत्तर दिल्यावरच लेख लिस्टकडे सोडते. घरी सतत जोडणी असलेल्याला हे काम मिनिटभराचे. येथे लेख एका खेपेला गेला, खात्रीचा मेल दुसऱ्या खेपेला आला, त्याचे उत्तर रात्री लिहून रांगेत ठेवले ते तिसऱ्या खेपेला निघाले, आणि मगच लेख लिस्टवर दिसला. लिस्ट केवळ सभासदांसाठी असेल तर सभासदत्वाचा असाच फेरा आधी पुरा करावा लागतो, आणि तो घेताना ‘मेल नको’ हा पर्याय निवडायचा असतो. यावर तोड अशी काढली, की जेथे पुढे कधी लिहावेसे वाटेल अशा सर्व लिस्टचे हे सोपस्कार शहराच्या एका भेटीत एकदमच उरकले.

वाचनासाठी गृहस्थांना आधी मेलसाठी मट आणि न्यूजग्रुपसाठी एसएलआरएन ही टर्मिनलमधली, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारी, जोडी आवडली होती. इंग्रजी मजकुरापुरती ती अप्रतिम आहे. पण त्यांचे निम्मे काम मराठीत, आणि त्यांच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलत्या जागी बसत. अनुवादकाने असा मजकूर तपासायचा म्हणजे शिक्षाच. म्हणून ईमॅक्स या मजकूर-संपादकातला ग्नस हा वाचनाचा प्रोग्राम घेतला. आवृत्ती २७ पासून ईमॅक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतो आणि देवनागरी नीटस दिसते. ग्नस मेलडिरही वाचतो आणि लीफनोडशीही बोलतो, त्यामुळे दोन्ही कामे एकाच खिडकीत आली. ग्नसमध्ये स्वतःचा ‘एजंट’ असून तो एकटाही ऑफलाइन वाचनाची सोय करू शकतो, हे खरे आहे. परंतु सड्यावर ईमॅक्स उघडून बसण्यापेक्षा आणण्या-नेण्याचे काम त्याच्याबाहेर ठेवणे आम्हाला श्रेयस्कर वाटले. शोधासाठी कार्ल वर्थ यांचा नॉटमच बसवला. त्यात मराठी शब्द शोधताना सामान्यरूपांचे भान ठेवावे लागते: ‘घोडा’ शोधून ‘घोड्याचे’ सापडत नाही, ‘घोड’ लिहून पुढे तारांकन दिले तर दोन्ही सापडतात.

सड्यावरची क्रिया आता अशी आहे. लॅपटॉप उघडला आणि फोनचा हॉटस्पॉट जोडला गेला, की नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामाची डिस्पॅचर-स्क्रिप्ट आपोआप चालते. ती आधी मेलची रांग सोडते, मग एमबीसिंक, शेवटी फेचन्यूज, आणि प्रत्येकाला वेळेची मर्यादा असल्याने एक अडकला म्हणून बाकीचे अडत नाहीत. सगळे झाले की एक घंटी वाजते. जोडणी ‘मोजमापाची’ म्हणून नोंदवली आहे, नाहीतर यंत्राचे अद्यतन सगळी रेंज गिळून टाकते. विजा चमकत असतील तर उघड्या सड्यावर जायचे नाही, हा नियम कोणत्याही स्क्रिप्टपेक्षा वरचा.

रांग आधी सोडण्याला मी सुरुवातीला विरोध केला होता, आणि तो अंशतः अजून आहे. पत्रे लहान असतात, ती आधी जावीत हे गृहस्थांचे म्हणणे ग्राहकांच्या बाबतीत बरोबर आहे. पण चर्चेतल्या लेखाला चार दिवसांनी उत्तर जाते तेव्हा दरम्यान तो प्रश्न इतरांनी सोडवलेलाही असतो, आणि न वाचता टाकलेले शिळे उत्तर कोणाला आवडत नाही. शेवटी असे ठरले, की ग्राहकांची पत्रे लगेच जातील. चर्चेची उत्तरे मसुद्यात राहतील, ताजे लेख घरी वाचल्यावरच ती रांगेत येतील आणि पुढच्या खेपेला निघतील. एक खेप वाया जाते, पण लिस्टवरची पत राहते.

उरलेल्या अडचणी व्यवस्थेबाहेरच्या आहेत. काही मोठ्या मेल-सेवा साधा पासवर्ड स्वीकारत नाहीत. जेथे प्रोग्रामासाठी वेगळा पासवर्ड मिळतो तेथे काम भागते, पण ब्राउझरमध्ये लॉगिन करून मुदतीचे टोकन घ्यायचे असेल तेथे ते नेमके सड्यावर संपते. त्याहून मोठा प्रश्न प्रकल्पांच्या स्थलांतराचा आहे. ग्नोम या डेस्कटॉप-प्रकल्पाने २०२२ मध्ये आपल्या मेलिंग लिस्ट बंद करून चर्चा डिस्कोर्स या वेबवरच्या चर्चापीठावर नेली, आणि इतर प्रकल्पही त्या वाटेने जात आहेत. डिस्कोर्समध्ये प्रत्येक लेख मेलने पाठवण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर चर्चा वाचता येते आणि मेलनेच उत्तरही देता येते, पण मग ती न्यूजग्रुपच्या बाजूने न येता पुन्हा मेलच्या पेटीत येते. त्यासाठी सर्व्हरवरच वेगळे फोल्डर करून त्याला एमबीसिंकची स्वतंत्र आणि लहान आकारमर्यादा दिली आहे. लिनक्स कर्नलच्या लिस्ट याला अपवाद आहेत: त्यांचे सार्वजनिक संग्रह एरिक वाँग यांच्या पब्लिक-इनबॉक्स या संग्रह-प्रणालीवर चालतात आणि न्यूजसर्व्हरच्या रूपातही खुले आहेत, म्हणून लीफनोडला तिसरा सर्व्हर म्हणून ते जोडून दिले आहेत.